धाकटीचा वाफा

४ जानेवारी

चि. सौ. बबडीस अनेक आशीर्वाद.

संसाराच्या गडबडीत आजीचा पत्ता कुठे सांडलास गं? दीड महिन्यात एक कार्ड नाही. धाकटीला मात्र परवाच चार पानी पत्र आलं. ती पायरीवर बसून, मला ऐकू जाईल अशा बेताने वाचत होती. टोमॅटो पोचले, इतके गोड जन्मात खाल्ले नाहीत, हे तर दोनदा वाचलं.

शेजारच्या शिंपीणबाई लिहून घेतायत, म्हणून नीट सांगते. बंद पडलेल्या कचरा डेपोला लागून सरकारी जागा आहे, तिथे माझ्या या धाकट्या जावेचा वाफा. जागा मिळतेय ही बातमी घरात आणली मी. पण अर्जाला अक्षरं लागतात आणि ती तिच्याकडे आहेत. म्हणून काळी माती तिला, आणि मला अंगणातला मुरूम. गेल्या आठवड्यात नगरपालिकेने तिथे तारेचं कुंपण घालून फळा लावला. मला वाचता येत नाही, पण फावड्याच्या चित्रावर लाल काट म्हणजे काय ते कळतं. बाकीचं शिंपीणबाईंनी वाचून सांगितलं: डेपोचं पाणी खाली मुरलंय, मातीत शिसं आहे. खणायचं नाही, पेरायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. धाकटी तारेखालून वाकून आत जाते आणि तुला पिशव्या भरून धाडते. तुला सहावा महिना. ते टोमॅटो खाऊ नकोस.

लोभ ठेव, आणि वाटणी सारखी ठेव.

तुझी आजी

१२ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आवरेना. गेल्या वर्षी धाकट्या आजीच्या भोपळ्यात सायकलच्या पंपाने हवा भरलीय, असं तूच कळवलं होतंस. त्याआधी तिच्या काकड्यांना रंग दिलेला होता. आता शिसं. तिचंही पत्र आलं. ती लिहिते, डेपो बंद होऊन पंधरा वर्षं झाली, असले सरकारी फळे काय, रोजच लागतात, आणि मोठीचं पोटात दुखणं जुनंच आहे. काल सात टोमॅटो कच्चेच खाल्ले. रागावू नकोस, माया होती तशी असू दे.

तुझी बबडी

१९ जानेवारी

चि. बबडीस आशीर्वाद.

सात, हे ऐकलं आणि शिंपीणबाईंना वही देऊन तडक फळ्याकडे धाडलं. तर आता शिंपीणबाईंसमोर कबूल करते, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईलच. मी जळते. धाकटी या घरात आली त्या दिवसापासून जळते. तिला वाचता येतं म्हणून जळते, तिच्या टोमॅटोंवर जळते, तुझी चार पानं तिला जातात त्यावर तर जास्तच. कुंपण घातलं तेव्हा मला आधी आनंद झाला, भीती मागून आली. पण मी जळते म्हणून ती माती चांगली ठरत नाही, बाई. शिंपीणबाईंनी फळ्यावरचा मजकूर शब्दन्‌शब्द उतरवून आणलाय, तो सोबत आहे. डॉक्टरीणबाईंना दाखव. माझं नाव नाही सांगितलंस तरी चालेल.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आजी

२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

डॉक्टरीणबाईंनी मजकूर वाचून त्याच दिवशी रक्त काढलं. शिसं निघालं, पण थोडं. घाबरायचं कारण नाही, महिन्याने परत तपासू, मात्र तिथलं आता काही तोंडात घालायचं नाही, म्हणाल्या. उरलेली पिशवी टाकली. धाकट्या आजीला मी स्वतः लिहिलंय. मी हसले, ते मनातून जात नाही. माया कमी करू नकोस.

तुझी बबडी

२० फेब्रुवारी

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धाकटीने मनातल्या मनात वाचलं. मग गेली आणि सगळी रोपं उपटून नगरपालिकेच्या माणसांच्या हवाली करून आली. माझ्या पायरीवर बसली. एवढंच म्हणाली की पोरीला मी माझ्या हाताने विष धाडलं. चाळीस वर्षांचे टोमणे माझ्या जिभेवर तयार होते, पण आधी तांब्या आणून तिच्या हातांवरची ती माती धुऊन टाकली. अंगणातली अर्धी जागा देऊन टाकली. त्या मुरमात तिचा मुळा चौथ्या दिवशी वर आला. शेजारीच माझा, अजून झोपलाय.

दोघींवर लोभ असू दे, माझ्यावर उठून दिसेल इतका.

तुझी आजी

ता. क. धाकटीचं जेवण कमी झालंय. डाळिंबं पाठव. दोन पिशव्या कर. मोठी फळं तिच्या पिशवीत घाल, आणि माझ्या पिशवीत एक जास्त.