आठ पोती

आण्णा, आज शिरवळच्या कारखान्यात मी एका पोरीला रडवलं. बॅटरीवरच्या ट्रकचा आराखडा माझ्याकडे तपासायला घेऊन आली होती. सांगलीहून हळद भरायची, मुंबई गाठायची, चार्जिंगला वाटेत एकदाच थांबायचं. मी बॅटरीचं वजन बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही गाडी सोतालाच वाहती. माल कवा वाहणार?" वाक्य तुमचं. बोलीसुद्धा तुमचीच. सगळे हसले.

मार्केट यार्डातही असेच हसले होते. नव्वदचं दशक सरत आलेलं, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मोडीतल्या टेम्पोचं इंजिन काढून त्यात तुमच्याच ट्रकच्या उतरवलेल्या बॅटऱ्या बसवल्या होत्या. तुम्ही खंबाटकीच्या घाटात हयात घालवलेले ड्रायव्हर. टेम्पोभोवती फिरता, टायर अंगठ्याने दाबता, विचारता, "किती पोती वडंल गं?" मी म्हणते, आठ. हमाल आठ पोती हळद चढवतात. वजनकाट्याच्या चढावर गाडी निम्म्यात थांबते आणि मागं येऊ लागते. तुम्ही चाकामागं दगड सारता, हात झटकता आणि ते वाक्य बोलता. वर आणखी, "बॅटऱ्या हिंडवाय गाडी केलीया लेकीनं!" त्यानंतर मी तुमच्याशी धड बोललेच नाही.

सातारच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, तुम्ही एकदा विचारलंत, "आता किती वडती गं तुजी गाडी?" मी म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? जन्मभर डिझेलचा धूर गिळलात, आता गप पडा." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

अडचण अजून तीच आहे. बॅटरी वाढवली की माल कमी, कमी केली की घाट चढत नाही, आणि चार्जिंगला तासन् तास उभं राहायला मालक तयार नाही. यार्डात तुम्ही ते एका वाक्यात सांगून मोकळे झाला होतात.

उद्या त्या पोरीचा आराखडा परत द्यायचाय. तुम्हाला लिहिलेला हा कागद मात्र ड्रॉवरमध्येच राहील. बापानं मुद्दाम जास्त माल चढवून माझी गाडी पाडली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. कॉलेजच्या चढावर मी आदल्या दिवशी दोनदा पोती लादून बघितलं होतं. चारच चढत होती.