पाच कोनांची लादी

हातखंबा,
जून १९८४

प्रिय सगुणा,

अलोऱ्याच्या शाळेत वर्षभर गणित शिकवतेस, आणि सुट्टीत माझ्याकडे आलीस तर मी पुन्हा गणितच पुढ्यात टाकलं. तरी रागावली नाहीस. विहाराची फरशी बुद्धपौर्णिमेच्या आधी पुरी झाली, बरं का.

गिरणी बंद पडल्यावर हे मुंबईहून परतले, नाक्यावर लाद्यांचा कारखाना काढला, आणि पहिलंच मोठं काम आमच्या वाडीतल्या विहाराचं मिळालं. पंचशील म्हणून लादी पाच कोनांची, असं मंडळाने एकमताने ठरवलं. यांनीही हौसेने तसा साचा घडवून आणला. लाद्या एकमेकींना लागतील का, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तीन लाद्या कोनाला कोन भिडवून छान बसल्या; उरलेल्या फटीत चौथी काही शिरेना. यांनी साचा कानशीने घासून पाहिला, गवंड्याने यांच्या हातालाच दोष दिला. काम फसलं तर वळकटी बांधून परत मुंबई, असं यांनी मला सांगून टाकलं होतं. मला जेवण गोड लागेना.

आणि तू येऊन जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापत बसलीस. एका बिंदूभोवती कोन जमले की पूर्ण फेरा भरला पाहिजे. तो सहा त्रिकोणांनी भरतो, चार चौरसांनी, नाहीतर तीन षटकोनांनी. बाजू आणि कोन सारखे असलेल्या आकृत्यांत एवढ्या तीनच. पंचकोन तीन ठेवले तर फट राहते, चार मावत नाहीत. दोष साच्याचा नाही आणि हाताचाही नाही, हे तू सगळ्यांसमोर म्हणालीस तेव्हा यांनी मान वर केली. लादी सहा कोनांची करायचं ठरलं, पण मंडळातले भिकूतात्या अडून बसले, ‘शिलां पाच हायत, मंग लादीला सा कोन कशाला?’ तू वाद घातला नाहीस. धम्मध्वजाकडे बोट दाखवलंस आणि त्याचे पाच रंग मोजायला त्यांनाच लावलंस. लाद्या सहा कोनांच्या, रंग पाच. ही युक्ती आपलीच, असं तात्या आता येईल त्याला सांगतात. मी सांगू देते.

मंडळ तुझे आभार रीतसर मानेलच. माझे वेगळे आहेत. हे इथेच राहिले, सगुणा. आमची हौसा यांना ‘मुंबईवाले बाबा’ म्हणायची, लाजून माझ्या मागे लपायची. परवा तिला ठेच लागली, तर माझ्यासमोरून रडत थेट कारखान्यात धावली, नुसतं ‘बाबा, बाबा’ करत. हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

तुझीच,
सुनंदा