गुडघ्याला घातलेला गूळ

धुळे, गुरुवार, १२ ऑगस्ट १९९३

चिरंजीव गिरधर यास दोंडाईचेकर सुकदेवमामाचे (सध्या मुक्काम दवाखाना, बायकांचा वॉर्ड, खाट नंबर अकराशेजारचं स्टूल) उदंड आशीर्वाद. तू, तुझी मेस आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या तुझ्या बाटल्यांमधल्या पेशी, सगळे खुशाल असाल. मी धडधाकट आहे आणि त्याचाच मला राग येतो.

तुझ्या मामीचे गुडघे सुजले म्हणून मी उन्हाळ्यात तुला विचारलं आणि तू पाच पानी उत्तर धाडलंस. (तीस वर्षं डाक वाटली, पण गुडघ्यावर पाच पानं कुणाला आलेली पाहिली नाहीत.) तू लिहिलंस की हाडांच्या टोकाला कूर्चेची गादी असते, तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तिथल्या पेशींना साखर पाझरून येईल तेवढीच मिळते. सांध्यात दाह सुरू झाला की त्याचे निरोप पेशींपर्यंत जातात, आणि निरोप पोचला की त्या साखरेसाठी जास्तीची दारं उघडतात आणि नेहमीपेक्षा जास्त साखर ओढतात. निरोप काय, दारं काय! म्हटलं, हे तर आपलंच खातं. आयुष्यात पहिल्यांदा मला शास्त्र कळलं आणि तिथेच घात झाला.

पत्र मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. पेशी भुकेल्या आहेत, मामीला रोज गूळ द्या, इथपर्यंत. मग काय विचारतोस! सकाळी भाकरीबरोबर गूळ, दुपारी चहात गूळ, संध्याकाळी नुसता खडा, तोही माझ्या हातानं भरवलेला. शेजारचा जीवराम (त्याचे गुडघे बोहल्यावरच वाजत होते) आणि बेबाबाई यांनीही सुरू केला. बेबाबाईनं तर जवळचा रस्ता म्हणून गूळ थेट गुडघ्यावर थापला. मुंग्यांना निरोप पोचला आणि बाई ओट्यावरून उठून जी पळत सुटली ती मारुतीच्या पारापर्यंत. दोन वर्षांत तिला कुणी पळताना पाहिलं नव्हतं. जीवराम म्हणाला, बघा, गुण आला.

तुझ्या मामीला मात्र तहान लागू लागली. अख्खी घागर तिला एकटीला पुरेना. अंगानं उतरली, तर मी म्हटलं, पेशी खाताहेत. मग चप्पल लागून अंगठ्याला फोड आला, तो भरेना, काळा पडला, तेव्हा इथे आणलं. रक्तात साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मधुमेह तिला आधीचाच असणार, पण आम्हाला कुठे ठाऊक! त्यावर मी अडीच महिने गूळ घातला. डॉक्टरांना तुझं शास्त्र सांगितलं, तर म्हणाले, पेशी जास्त साखर ओढतात हे दुखण्याचंच लक्षण, त्यांना खाऊ घातल्यानं गुडघा बरा होतो असं कुणी सांगितलं? मंगळवारी उजवा पाय काढणार आहेत, गुडघ्याच्या वरून. वाचेल म्हणतात, वाचेलच असं म्हणत नाहीत. मला फार भीती वाटते रे.

नर्सबाई स्टूल मागताहेत, तेव्हा आता उठतो.

तुझा
सुकदेवमामा

ता. क. सोमवारपर्यंत ये, आणि येताना बर्फाचा डबा आण. प्रयोगासाठी तू खाटकाकडून बोकडाचे गुडघे आणतोस ना? मामी म्हणते, माझा ने. एवढा गूळ खाल्ला मेल्यानं, त्याचं केलं काय ते तरी कुणाला कळू दे. (डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी माझीच नाडी पाहिली.)

आणखी ता. क. खरं काम हे आहे. गावोगाव अडाणी माणसांना मी पत्रं वाचून दाखवायचो, आणि पत्र कोरडं असलं की शेवटी एक ओळ पदरची घालायचो. तुमची फार आठवण येते, असं काहीतरी. कुणाचं कधी वाईट झालं नाही. तुझ्या पत्रात गूळ नव्हता. शेवटची ओळ होती, मामींना आधी धुळ्याला नेऊन रक्त तपासून घ्या. तिची आई दवाखान्यातून परत आली नव्हती. मी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं, ती ओळ गाळली आणि तिथे गूळ घातला. तिला वाचता येत नाही. सोमवारी ती तुला विचारेल. गिरधर, गूळ तूच लिहिला होतास म्हणून सांग. तुझ्यावर ती दोन दिवस रागावेल. माझ्यावर रागावली तर मी कुठे जाऊ?

(हे पुढचं खाट नंबर बाराच्या कलाबाईंची सून लिहिते आहे. मामा पाकिटाला खळ आणायला गेलेत. तुमच्या मामी, सुंदरबाई, सांगतात तसं लिहिते.)

भाऊ, माले बठ्ठं माहीत शे, सगळं माहीत आहे. तुझं पत्र मी जीवरामच्या सुनेकडून दुसऱ्याच दिवशी परत वाचून घेतलं होतं. दवाखाना मलाही नको होता, म्हणून गप बसले. आणि चाळीस वर्षांत तुझ्या मामानं पहिल्यांदा हातानं भरवलं, नको कसं म्हणू? आता ते जेवत नाहीत, चहात साखरही घेत नाहीत. सोमवारी ये. त्यांच्यासमोर मी तुला विचारीन, गूळ कुणी लिहिला होता? तू म्हण, मी. मग मी तुला खूप बोलेन. खाली मान घालून ऐकून घे.