कशेडीच्या हकीगतीची कॅसेट

पोलादपूर, १२ मार्च १९९७

प्रिय मित्र झकेरिया यास भिकाजीचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (एक कमी पडला तर दुसरा उपयोगी पडेल.) कुवेतला उकाडा सुरू झाला असेल, डोकं झाकून हिंडत जा. इकडे तुझ्या आईची, आमच्या शरिफाचाचींची, तब्येत गुडघे सोडून उत्तम आहे. माझीही उत्तम, फक्त अभिमानाला मुका मार लागलाय. त्याचंच हे पत्र.

ऐकण्याजोग्या इतिहासाच्या कॅसेटी कळव, असं तू लिहिलं होतंस. इथे त्या पुष्कळ निघतात रे, पण नावं कुणाची सांगू? महाडचे काशीराम वकील महिन्याला एक काढतात. लढाई कुठलीही असो, ऐन मोक्याला त्यांचे खापरपणजोबा घोड्यावर हजर. (एकदा तर एकाच दिवशी रायगडावर आणि पानिपतावर होते. घोडं चांगलं असणार.) वरंधचे एक निवृत्त साहेब 'जाणकारांना हे ठाऊकच आहे' म्हणतात आणि पुढचं सांगतच नाहीत. उरलो मी. माझी मालिका वडापच्या जीपमध्ये लागते आणि आजवर एकाही प्रवाशाने चालत्या गाडीतून उडी मारलेली नाही.

पण तुझी खरी मागणी वेगळी होती, हे मी विसरलो नव्हतो. तुझे बाबा गेले तेव्हा तू जेमतेम चार वर्षांचा. त्याआधीच्या पावसाळ्यात, दरडी कोसळत असताना, त्यांनी आजारी माणसांनी भरलेला ट्रक कशेडी घाटातून खाली कसा आणला, ते तुला आईच्याच आवाजात ऐकायचं होतं. मुजम्मिल परवा कुवेतला निघतोय, त्याच्याबरोबर कॅसेट जायलाच हवी. म्हणून रविवारी टेप घेऊन तुमच्या घरी गेलो. चाचींनी नवी ओढणी घेतली, पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, आणि मी बटण दाबलं.

आता इतिहास म्हटला की पार्श्वभूमी आलीच. थेट ट्रकपासून सुरुवात करायला मी काय क्लीनर आहे? शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवतोय. मी गांधारपाल्याच्या लेण्यांपासून धरलं. तिथून बंदर, व्यापार, घाटवाटा. चाचींनी दोनदा तोंड उघडलं, पण कालक्रम मोडू नये म्हणून मी हात वर करून त्यांना थांबवलं. (अभ्यासकाने भावनेला बळी पडू नये.) शेवटी त्यांनी विचारलंच, "भिकू, माझा नवरा कवा येतो रे यात?" मी म्हटलं, "चाची, अजून इंग्रज यायचेत." इंग्रज आले, रस्ता झाला, रस्ता कशेडीला पोचला, आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, "आता आपण चाचींकडे वळू या." तेवढ्यात खट्ट झालं. अर्ध्या तासाची बाजू संपली होती.

तरीही सांगतो, कॅसेट झकास झालीय. आवाज स्वच्छ, सनावळ्या बिनचूक. खोलीतल्या मंडळींनाही ऐकव, त्यांचं ज्ञान वाढेल.

तुझा,
भिकाजी

ता.क. दुसरी बाजू कोरी नाही. चाची रागावल्या नाहीत, चहा दिला आणि म्हणाल्या, "तू भायेर ओट्यावर बस. तू हायस तवर मला बोलाय मिळायचं नाय." मग तुझ्या लेकीने, रिम्शाने, बटण दाबलं. मी दाराला कान लावला, तर आतून पंखा सुरू झाला. एकदा चाची हसल्यासारखं वाटलं. नंतर बराच वेळ काहीच कळेना. दार उघडलं तेव्हा त्या डोळे पुसत होत्या आणि रिम्शा कॅसेट कापडात घालून शिवत होती. मी ऐकायला मागितली. चाची म्हणाल्या, "ती झकेरियाची हाय."

आणखी एक ता.क. माझी आई सांगायची, त्या ट्रकात मीही होतो, तापाने फणफणलेला, तिच्या मांडीवर. दोन हजार वर्षांचा इतिहास मला तोंडपाठ आहे, पण त्या दिवशी काय झालं ते मी चाचींना एकदाही विचारलं नाही. आता विचारायची लाज वाटते. तुझं ऐकून झालं की त्यातलं मला सांगण्यासारखं असेल तेवढं लिहून कळव. पहिली बाजू नाही ऐकलीस तरी चालेल.