वरच्या दोन खोल्या

३ जून
उमरग्याच्या घरमालकांनो! भाडेकरू भिंतीला खिळे ठोकतो, नळ उघडा ठेवतो, न सांगता निघून जातो — तुमचं दुखणं मला ठाऊक आहे, मीही घरमालकच. पण बायको नवऱ्यापेक्षा जास्त कमावते म्हणून दार बंद? हा कुठला न्याय!

— रविवारच्या सभेतल्या माझ्या भाषणाची ही सुरुवात. जमली आहे.

कारण आज वरच्या खोल्या बघायला आलेलं जोडपं. मोनिका हायवेवरच्या दवाखान्यात एक्स-रे काढते, कायमची नोकरी. नवरा सोमेश ट्रकांवर नावं रंगवतो. हल्ली सगळे स्टिकर लावतात, त्यामुळं कधी काम, कधी नाही. चार घरांतून नकार. सध्या गावाबाहेर पत्र्याच्या खोलीत राहतात. रात्रपाळी करून तिकडं परतायची तिला भीती वाटते.

४ जून
शेजारचे गुंडाप्पा आले. ‘महारुद्रराव, बायकूच्या पगारावर ऱ्हाणारा गडी! उद्या बिनसलं, ती माहेरी गेली, तर भाडं काय ट्रकच्या मागं लिहून घेणार?’

मी समतेवर भरपूर बोललो. त्यांनी चहा संपवला. ‘बोलता लई झ्याक. पटलं न्हाय.’

६ जून
बोलणी झाली. मी सोमेशला विचारत गेलो — किती दिवस राहणार, भाडं कधी देणार, पाहुणेरावळे किती. प्रत्येक प्रश्नाला तो मोनिकाकडं बघायचा. शेवटी तीच म्हणाली, ‘काका, भाडं म्या देणार. मला इचारा की!’

मी! समतेवर बोलणारा मी!

सोमेशनं आपलं सहज विचारलं, ‘काका, तुमाला भाषणाचं काय मिळतं?’

दारात शिवांजली उभी होती — माझी बायको, शाळेत मुख्याध्यापिका. हे घर तिच्याच पगारातून उभं राहिलेलं. ती म्हणाली, ‘शाल आणि नारळ. शाली कपाटात मावत नाहीत. नारळाची चटणी करते.’

सगळे हसले. मोनिका तर पदरानं डोळे पुसत होती. मीही हसलो — जरा उशिरा.

खोल्या दिल्या. करार मोनिकाच्या नावानं.

७ जून
सभा. ठरवलेली सुरुवात खिशातच राहिली. एवढंच म्हणालो — ‘घरमालकांनो, घरी जा आणि आपल्याच दारावरची पाटी वाचा. घर जिच्या कमाईवर उभं आहे तिचं नाव तिथं नसेल, तर उद्या सकाळी लिहा!’

टाळ्या बेताच्याच. शाल, नारळ.

८ जून
सकाळीच सोमेश रंगाचे डबे घेऊन स्टुलावर चढला. आमच्या पाटीवर एकच नाव होतं — ‘व्याख्याते महारुद्र’. पुसलं. ‘शिवांजली’ लिहिलं — ट्रकवर लिहितात तसं, लाल-पिवळं, सावली देऊन.

‘आन् काकांचं?’

‘जागा उरली तर बघ,’ शिवांजली म्हणाली.

उरली!