बोलायची तार

सोमवार, ४ जानेवारी १९६५
हे कॉलेजात तारीचं काम करतात; आज ह्यायनं घरातच कॉलेज मांडलं. सारवलेल्या जमिनीवर मातीचे गोळे ठेवले, त्यात तुराट्या खोसल्या. हा हॉल, ह्या क्लासच्या खोल्या, हे होस्टेल, ही आपली नोकरायची चाळ. मंधातून माझा शिवायचा दोरा ताणला, ती तार. बोलायची मशीन लायब्ररीच्या मागच्या खोलीत राहीन म्हने. प्रिन्सिपलसाहेब तेथून बोलतीन अन् सगळ्या खोल्यात एकाच टायमाले आयकू येईन. हॉलात सिनेमाची मशीन बी बसवायची हाय. कोणता डबा कुठं, भोंगा कुठं, तार कुठून न्यायची, सगळं ह्यायच्यावर.
आमची पोट्टी सुमी रांगत आली न् होस्टेल पाडलं. लय दिवसानं हसले हे.

शुक्रवार, ८ जाने.
हे शिडीवर चढले की मी तिकडं पायतच नाही. धामणगावले माहा दादा लाइटच्या खांबावरच करंट लागून गेला. मायनं हंबरडा फोडला तो अजून कानात हाय. ह्यायले सांगतलं तर म्हनतात, अवं, हे लाइटचं काम नाही, बोलायची तार वेगळी रायते. तिच्यासाठी वेगळ्या लाकडाच्या बल्ल्या गाडतो, लाइटच्या खांबापासून दूर.
बरं म्हनलं. भेव काही जात नाही.

रविवार, १० जाने.
होस्टेलमागची बल्ल्यावरची तार झाली. आज टेस्टिंग. हे तिकडं मशीनपाशी, मी पोट्टीले कडेवर घेऊन भोंग्याखाली. आयकू आलं की पदर हलवायचा. खोलीबाहेरचा गडी पायते न् ह्यायले सांगते.
शेजारची गंगूवयनी, होस्टेलच्या आचाऱ्याची बायको, बाजूले उभी. म्हने, "तुहा नवरा आता भोंग्यातूनच हाक मारीन, अवं भाकर टाक!" सगळ्या बायका हसल्या. मले लाज वाटली.
मंग हे आले. बायका तारीले भेत व्हत्या, तर ह्यायनं सगळ्यायसमोर मुठीत धरून दाखवली. "ही बोलायची तार हाय वयनी. चावत नाही." गंगूवयनीनं बी बोट लावून पायलं. दुपारी तिनं लुगडं वाळत टाकलं त्याच्यावर. बाकीच्यायनं बी. आमच्या चाळीत वाळत घालाले जागाच कुठं हाय.

बुधवार, १३ जाने.
कॉलेजच्या कामावरचा ओव्हरसियर आला दारात. चाळीपुढच्या बल्ल्या अजून आल्याच नाहीत, सव्वीस तारखेले पाव्हणे येनार. म्हने, "लाइटचे खांब उभे आहेत ना? त्यालाच बांध खालून."
हे म्हनले, "साहेब, वरती लाइटची उघडी तार हाय. हवा सुटली न् खाली टेकली तं..."
"तू मला शिकवणार? नसेल जमत तर सांग, दुसरा माणूस आणतो."
मी दरवाज्यात, पोट्टी कडेवर. त्यानं माह्याकडं पायलं बी नाही.
हे जेवले नाही. मी म्हनलं, नका बांधू. तर म्हने, मंग खोली खाली करा लागते, कुठं जाशील लेकरू घेऊन?

शनिवार, १६ जाने.
बांधली तार. चाळीपुढून. मधी झोळ पडला, हात पुरते तिले.
ह्यायनं घरोघर जाऊन सांगतलं, ह्या तारीवर कपडे टाकू नका बाप्पा. गंगूवयनी म्हने, "परवा तं म्हनत व्हते चावत नाही. आता काय दात आले काय तिले?" हे काय सांगतीन? ओव्हरसियरचं नाव घ्याची सोय नाही. नुसतं "नका टाकू" म्हनले न् आले.

मंगळवार, १९ जाने.
सकाळपासून हवा. देऊळघाटच्या बाजूनं धूळ उडून राह्यली. आज लिवता येत नाही. नंतर.

बुधवार, २०
लिवतो.
काल गंगूवयनी चाळीपुढच्या तारीवर ओलं लुगडं टाकाले गेली. मी आंगणात तांदूळ निवडत व्हती. आवाज नाही, काही नाही. वर पायलं तं लाइटची तार खाली ह्या तारीवर टेकलेली न् वयनी तारीले धरून उभी, तोंड वाकडं, बोलत नाही. मले दादा दिसला. पोट्टीले तशीच जमिनीवर टाकली, बाभळीची वाळली काठी घेतली न् तिच्या हातावर मारली. पुन्हा मारली. सुटली. पडली.
हात काळा झाला कोपरापर्यंत. सिविल दवाखान्यात नेलं.
बायका माह्याकडं पायतात. मी वाचवली हे कोणी म्हनत नाही. ज्यानं तार बांधली त्याची बायको.

शुक्रवार, २२
दवाखान्यात गेलती. वयनी सुद्धीवर हाय. डॉक्टर म्हनते हात ठेवता येनार नाही, पुढं काय ते बी सांगता येत नाही. ताप हाय.
मले म्हने, "काठी लय जोरात मारली वं तू." हसाले गेली, हसता आलं नाही. मंग म्हने, "त्यायनं काऊन सांगतलं चावत नाही म्हून?"
मी पाय दाबत बसली.

मंगळवार, २६
झेंडा झाला. ओव्हरसियरनं दुसरे गडी लावून चाळीपुढची तार काढून घेतली. होस्टेलमागचा भोंगा चालू. गाणे लागले, भाषण झालं. गंगूवयनीच्या घराले कुलूप, तेथं बी सगळं साफ आयकू येत व्हतं. हे कान झाकून भिताडाकडं तोंड करून निजले.

बुधवार, २७
ओव्हरसियर म्हनते, मी बल्ल्या गाडाले सांगतलं व्हतं, यानं आळस केला न् परभारे खांबाले बांधली. पोलिसात द्यायचं चाललं हाय. उद्या प्रिन्सिपलसाहेब विचारणार, ह्यायले न् गंगूवयनीच्या नवऱ्याले, आचाऱ्याले बोलावलं हाय.
आचारीभाऊ दारात आले. आत नाही आले. म्हने, "वयनी, तो साहेब आला तवा तुम्ही दारात व्हत्या ना?"
ह्यायनं मलेच डोळे दाखवले. मी म्हनलं, मले आठवत नाही. भाऊ पायरी उतरून गेले.
हे म्हनतात, तू येऊ नको, बायकायचं काम नाही तेथं. मी सांगतलं नाही तं ह्यायले पोलीस नेतीन. सांगतलं तं एका बाईचं कोण आयकते, वरून घर जाईन. माहेरी माय एकटी, तिच्याच पोटाले पुरत नाही.

गुरुवार, २८
हे गेले कॉलेजात. आचारीभाऊ बी गेले, दूरदूर चालत.
पोट्टीचं आंगडं बदललं. मी लुगडं बदललं. खोलीले कुलूप लावलं.
पायरीवर बसून लिवतो. प्रिन्सिपलसाहेबापुढं गेल्यावर पयलं काय म्हनू ते सुचत नाही. साहेब म्हनू का आधी, का दारात आयकलं ते, का दादाचं सांगू