उपडी पळी

आई, आज ऑफिसात तुमच्या पळीची आठवण झाली, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. लग्न होऊन हिमायतनगरच्या घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात आपण दोघीच, आणि तुमची एक रीत होती. आमटीत मीठ पडलं की पळी झाकणावर उपडी ठेवायची. पळी सरळ दिसली तर मीठ अजून बाकी. एकजण बाहेर फोनवर असली तरी आत येणारीला पळीवरून कळायचं. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

विद्यानगरची मंडळी वन्संना बघायला आली तो दिवस. सकाळी मी आत डोकावते, पळी सरळ आहे. मग नारायणगुड्याहून फुलं आणि मिठाई आणते, वन्संच्या साडीच्या निऱ्या करते, आणि पानं घ्यायच्या आधी आत येऊन आमटीत मीठ टाकते. पळीकडे बघत नाही, कारण माझ्या डोक्यात ती सरळच आहे. मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला आणि हात तांब्याकडे नेला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मीठ दोनदा टाकलं वाटतं मी. वय झालं आता. दही घ्या." मुलाची आई हसली, "हौ, माझंबी असंच होतंय." लग्न ठरलं. संध्याकाळी भांडी लावताना तुम्ही मला एवढंच सांगितलंत, "मीठ टाकायच्या आधी पळी बघत जा गं. दर वेळी. मघाशी बघितली होती, ते चालत नाही." सासूला सुनेला काहीतरी सांगावंच लागत असेल, असं मला वाटलं.

आता आमच्या ऑफिसात एका कारखान्याच्या पॅकिंगच्या पट्ट्याचा प्रोग्राम आहे. त्यात दोन कामं एकाच वेळी चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. एक थ्रेड पट्टा चालवतो, दुसरा पट्टा थांबवायच्या बटणाकडे लक्ष ठेवतो. बटण दाबलं की दुसरा 'थांब' अशी खूण करतो. कारखान्यात बटण दाबलं आणि पट्टा चालतच राहिला. कुणाला लागलं नाही, मेन स्विच पाडला. हे काम आमच्यातल्या नव्या मुलीचं, आणि ती अजून कायम झालेली नाही. मॅनेजर म्हणाले, "स्टॉप का कोड लिखीच नै होगी. इसको रखना क्या, सोचो." ती म्हणत होती, लिहिलाय. पण पुरावा मिळेना. तपासायला प्रोग्रामला मध्येच स्क्रीनवर एखादी ओळ छापायला लावली की पट्टा नीट थांबायचा, ती ओळ काढली की बटण दाबूनही पुन्हा चालतच राहायचा.

मी कोड उघडून बघितला. खूण तिने केली होती. पट्टा चालवणाऱ्या थ्रेडने मात्र खूण नाही हे सुरुवातीला एकदाच बघून घेतलं होतं आणि तेच जवळ धरून तो पळत होता. मूळ जागी काय बदललं, हे तो पुन्हा बघतच नव्हता. दर वेळी मूळ जागीच बघ, असं सांगणारा एक शब्द ती खूण ठरवताना लिहावा लागतो. तो राहिला होता.

मीटिंगमध्ये मी म्हणाले, "हा शब्द लागतो हे तिला मीच सांगायला हवं होतं. राहून गेलं." खरं तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मॅनेजरांनी मान हलवली, विषय पुढे गेला, तिची नोकरी राहिली. नंतर चहाच्या मशीनपाशी ती आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "मॅडम, आप भी भूलते क्या?"

मी हो म्हणाले. तिने ते तसंच खरं मानलं, आणि कप हातात धरून मी तिथेच उभी राहिले.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी मीठ तुम्हीच दोनदा टाकलंत, असं मी आज दुपारपर्यंत समजत होते.